क्लच जड आहे

४ जानेवारी, गुरुवार

आजपासून या डायरीत स्कूटरचंही लिहायचं ठरवलं आहे. एरवी मी काय लिहिते? दूध नासलं, बाई आली नाही, नवरोबा घोरतो. त्यापेक्षा हे बरं.

बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, स्कूटरचा मेकॅनिक दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. गाडीचं सगळं आयुष्य एकाच माणसाच्या हाताखाली गेलं, आता बंद पडली तर तिला कोणी वाली उरला नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात चौकशी केली. तिथल्या माणसाने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "ताई, हिचे पार्ट आता फक्त आठवणीत मिळतात." मला राग आला. रागाच्या भरात मी घरी येऊन जाहीर केलं की गाडी मी दुरुस्त करणार. नवरोबा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

हसू दे. मी रोज सकाळी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. बिघाड शोधणं हेच माझं काम. माणसाच्या थेंबभर रक्तात जे सापडतं ते स्कूटरमध्ये का सापडू नये? आणि सांगायला बाबा आहेतच. त्यांना या गाडीतलं मेकॅनिकइतकंच कळतं. गेल्या वर्षापर्यंत अर्धी कामं ते स्वतःच करायचे. हल्ली का कोण जाणे कंटाळा करतात.

गाडी चालू झालीच पाहिजे. आई गेल्यापासून बाबांना घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली आहे. दर गुरुवारी पुलापलीकडे घड्याळवाल्या काकांच्या दुकानात जायचं, दोन तास बसायचं, वाद घालायचा आणि परत यायचं. गेले कित्येक गुरुवार तेही नाही. बसने जा म्हटलं तर तोंड फिरवतात. स्कूटर गेली की बाबा खाटेला लागतील, हे मला स्वच्छ दिसतं आहे. नवऱ्याला दिसत नाही.

जाता जाता नोंद: पुढच्या मडगार्डला डाव्या बाजूने चांगलाच ओरखडा आहे, पायाजवळचा पत्राही वाकलाय. बाबा म्हणाले, उभी असताना कोणीतरी ठोकून गेलं. लोकांना डोळे नसतात. रंग आणायला हवा.

७ जानेवारी, रविवार

चालू झाली!

सकाळपासून व्हरांड्यात पोतं अंथरून बसले होते. बाबा खुर्चीत. त्यांचं शास्त्र सोपं आहे. गाडी चालू होत नसेल तर तीन गोष्टी बघायच्या: पेट्रोल येतंय का, ठिणगी पडते का, हवा जाते का. बाकी सगळ्या गप्पा. पेट्रोलची नळी काढली तर धार व्यवस्थित. प्लग काढून बघितला तर तो चुलीतून काढल्यासारखा काळा. घासला. मग कार्बोरेटर उघडला. त्यातल्या बारीक भोकात चिकट राळ बसली होती, ती तारेने नाही, फुंकून काढायची. तार घातली की भोक मोठं होतं, हे बाबांनी मला दोनदा बजावलं. बारीक भोकांशी कसं वागायचं हे मला प्रयोगशाळेत शिकवलेलं आहे, पण मी फुंकत राहिले.

चौथ्या किकला धूर, सातव्याला आवाज. शेजारची माणसं गॅलरीत आली. मी काळ्या हातांनी नाचायचीच बाकी होते. बाबा उठून गाडीजवळ आले, उजव्या हाताने ॲक्सिलरेटर थोडा फिरवला, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "गुण आला हो हाताला."

मी म्हटलं, आता गुरुवारी काकांकडे. ते हो म्हणाले. जरा उशिराने म्हणाले, पण म्हणाले.

११ जानेवारी, गुरुवार

ये रे माझ्या मागल्या. बाबा कपडे करून तयार, आणि गाडी ढिम्म हलेना. मी कामावरून आले तर ते पायरीवर बसलेले. प्लग काढला, घासला, लावला, घाम फुटला. शेवटी लक्षात आलं की पेट्रोलचा कॉक बंद आहे. रविवारी मी चालूच ठेवला होता, मला नक्की आठवतं. बाबा म्हणाले, "सवयीने मीच बंद केला असेन." तोवर उन्हं उतरली होती. आता कुठे जायचं, म्हणाले, आणि आत जाऊन शर्ट बदलून बंडी घातली.

त्यांच्या चेहऱ्यावर निराशा दिसेल म्हणून मी बघायचं टाळलं. बघितलं तेव्हा ते शांतपणे चहा पीत होते. किती सोसतो हा माणूस.

१४ जानेवारी, रविवार

बाबांची नवी तक्रार: क्लच जड आहे. त्यांनी परवा गाडी स्टँडवर असताना दाबून बघितला म्हणे. मी दाबून बघितला, मला तर काही जड वाटला नाही. पण ही गाडी जुन्या चालीची. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि तो दाबूनच ती मूठ वरखाली फिरवून गिअर टाकायचा. तेव्हा त्यांना जास्त कळणार. वायरीला तेल सोडलं. बाबांनी दाबला. "जडच आहे."

सकाळी त्यांच्या हातून काचेचा पेला पडला, या महिन्यातला दुसरा. हे नवे पेले फार निसरडे आहेत. स्टीलचे काढून ठेवले.

१८ जानेवारी, गुरुवार

आज काय, तर प्लगवरची टोपी निघालेली. पूर्ण नाही, नुसती वर टेकवलेली. धक्क्यांनी सैल होते म्हणावं तर गाडी आठवडाभर जागची हललेली नाही. मला दोन मिनिटांत सापडलं, कारण आता मी क्रमाने तपासते. अभिमानाने सांगायला गेले तर बाबांनी तोवर काकांना फोन करून आज जमत नाही असं कळवूनसुद्धा टाकलं होतं. थोडी कळ काढायची की नाही!

क्लचची वायरच बदलली. हिला बसणारी वायर शोधायला तीन दुकानं फिरले. बोटं सोलून निघाली. नवी वायर, नवं ग्रीस, आता करंगळीने क्लच दाबता येतो. बाबांनी दाबला आणि म्हणाले, "हं. थोडा जडच आहे गं."

मनात आलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण सासऱ्यांना कोण म्हणणार.

२५ जानेवारी, गुरुवार

आज हात टेकले. पेट्रोल आहे, हवा आहे, टोपी जागेवर आहे, आणि ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. ठिणगीला वीज पुरवणारी कॉइलच गेली असेल तर संपलंच, ती खरोखर आठवणीतच मिळते.

संध्याकाळी नवरोबाने विषय काढला. त्याच्या ऑफिसात कोणी ओळखीचा आहे, जुन्या गाड्या जमवणारा शौकीन. रविवारी बघायला येतोय. माझा पारा चढला. तो म्हणाला, तो काही गाडीच्या जिवावर उठलेला नाही, त्याला बाबांची काळजी वाटते, त्या पुलावरची गर्दी मी बघितली आहे का? बघितली आहे. मी म्हटलं, निर्णय बाबांचा. बाबा पेपर वाचत होते. पेपर टेबलावर पसरून, हल्ली ते हातात धरत नाहीत. म्हणाले, "चालतच नसेल तर ठेवून काय करणार."

मग आमचं असं ठरलं की रविवारी त्या माणसासमोर चालू झाली तर ठेवायची, नाही झाली तर द्यायची. ठरवलं नवऱ्याने आणि हो म्हटलं मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जेवताना बाबा म्हणाले, "बंद गाडी घरात ठेवत नाहीत का लोक?" नवरा म्हणाला, जागा अडते.  बाबांनी जेवण अर्धं टाकलं. मला रडूच आलं. भांडी घासायचं निमित्त करून आत गेले.

२७ जानेवारी, शनिवार

दिवसभर ठिणगी शोधत होते. नाही.

बाबा एकदाच बाहेर आले. आईंच्या सीटवर, म्हणजे मागच्या सीटवर, हात ठेवून उभे राहिले. या गाडीला दोन वेगळ्या सीटा आहेत. पुढची बाबांची, मागची आईंची. आईंनंतर मागे कोणी बसलेलं मी तरी बघितलेलं नाही. बाबा स्वतः तर कोणाच्याच गाडीवर मागे बसत नाहीत. नवऱ्याने एकदा डॉक्टरकडे न्यायला आपली मोटरसायकल काढली होती, तेव्हा हे चालत निघाले.

"उद्या नेतील का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी आहे तोवर नाही. उसनं बळ आणून म्हटलं. मला काहीच सापडलेलं नव्हतं.

२८ जानेवारी, रविवार

काय लिहू आणि काय नको!

शौकीन आला. चकचकीत बूट, हातात पांढरा रुमाल, पत्र्यावरून बोट फिरवून वास घेणारा. नवरोबा त्याच्या मागे मागे. मी देवाचं नाव घेतलं आणि किक मारली. पहिल्या किकला! एका किकला, डायरी! मी काल संध्याकाळपासून पान्यालासुद्धा हात लावला नव्हता. ठिणगी आली कुठून? रात्रीच्या थंडीने कुठलातरी सांधा आवळला असेल. की हिला माणसं कळतात? बूटवाल्याकडे जायचं नसेल तिला.

बूटवाला म्हणाला, अशी आवाजाला गोड गाडी त्याने कित्येक वर्षांत ऐकली नाही. ते ऐकून बाबांची मान ताठ झाली. मग नवराच म्हणाला, आणि खरं तर चांगल्या मनाने म्हणाला, "बाबा, एक चक्कर मारून दाखवा ना यांना."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. गाडी धडधडत होती. बाबा पुढे झाले, हँडलवर हात ठेवला, आणि मग म्हणाले की आज कंबर धरली आहे. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी पटकन गाडी बंद केली आणि चहा टाकायला गेले. शौकीन चहा पिऊन गेला. गाडी राहिली.

जिंकलो आपण. तरी मला जिंकल्यासारखं का वाटत नाही, कळत नाही. दमले असेन.

१ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा ठिणगी गायब. गुरुवार म्हणजे साडेसातीच झाली आहे.

पण आज सापडलं! इंजिनच्या पंख्याचं झाकण काढून आत बघितलं. तिथे पॉइंट असतात, दोन बारीक टिकल्या. त्या एकमेकींना चिकटायच्या आणि सुटायच्या, त्यावर ठिणगी. त्या दोघींच्या मध्ये कागदाची एक बारीक पट्टी. जाड, गुळगुळीत. त्यामुळे टिकल्या चिकटत नव्हत्या. पट्टी ओढून काढली आणि एका किकला चालू.

बाबा म्हणाले, पॉइंट पुसायला ते अशीच पट्टी फिरवतात, मागे कधीतरी आत राहून गेली असेल. तर मग रविवारी चालू कशी झाली? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कधी कधी होते."

कापलीय फार सुबक, कात्रीने, कडा सरळ. जपून ठेवली आहे. बाबांच्या खोलीतल्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान आज बदलायला गेले तर खालची कड कुरतडलेली. उंदीर झालेत वाटतं. पिंजरा आणायचा आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं म्हणून दुपारी लवकर घरी आले. मागच्या दाराने. स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हरांडा दिसतो.

बाबा स्कूटरजवळ पाटावर बसले होते. पंख्याचं झाकण काढलेलं. स्क्रू एका वाटीत, एकही जमिनीवर नाही. ते उजव्या हाताने पट्टी आत सरकवत होते. डावा हात मांडीवर उताणा पडलेला, जणू दुसऱ्या कोणाचा तरी धरायला दिलाय. झाकण बसवताना त्यांनी ते गुडघ्याने दाबून धरलं. डाव्या हाताने धरायचा एकदा प्रयत्न केला, बोटं मिटली नाहीत, तो हात त्यांनी उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. मग फडकं घेऊन गाडीवरचे बोटांचे ठसे पुसले. पत्र्यावर दोनदा थोपटलं.

मी मागच्या दाराने पुन्हा बाहेर गेले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि दाराची कडी मुद्दाम जोरात वाजवली.

पेला. पेपर. बंडी, म्हणजे बटणं नकोत. डावीकडचा ओरखडा. क्लच जड आहे, क्लच जड आहे, क्लच जड आहे. आणि मी काय केलं, तर वायर बदलली! आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला. रोज शंभर माणसांचं रक्त बघणारी मी. घरातल्या माणसाचा हात मला दिसला नाही, कारण मी गाडीकडे बघत होते.

आणि बिचाऱ्यांनी गाडी बंद पाडली तीसुद्धा कशी? एक तार तोडली नाही, एक स्क्रू पिळला नाही. सगळं असं की मला सापडावं, पण गुरुवार टळून सापडावं. गाडी चालू झाली तर पुलावर न्यावी लागणार, आणि बंद पडली तर बूटवाला नेणार. मी दर वेळी गाडी चालू करून त्यांना कोंडीत धरत होते आणि वर सेवा केली म्हणून मिरवत होते.

नवऱ्याला सांगावं का? तो काळजीने ओरडेल. उद्या बघू.

८ फेब्रुवारी, गुरुवार

नाही सांगितलं. बाबांनाही काही म्हटलं नाही. सकाळी चहा देताना एवढंच म्हटलं की बाबा, ही गाडी मी इतकी उघडली आणि लावली, पण मला चालवता येत नाही. शिकवा. गिअर पायाने टाकायची गाडी मी वडिलांची चालवलेली आहे, हाताने गिअर टाकायची ही भानगड मला कळत नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आज चालू होणार नाही बहुतेक. पॉइंट बघावे लागतील."

मी म्हटलं, बघा तुम्ही, मी आंघोळ करून येते. चांगली सावकाश केली. बाहेर आले तेव्हा गाडी तयार होती.

११ फेब्रुवारी, रविवार

मोकळ्या मैदानात दोन दिवस धडे झाले. शिकवताना बाबा वेगळेच होतात. "सोड, सोड, हळू सोड, कुत्र्याचं शेपूट सोडतेस का?" "दुसरा पडलाच नाही, तू नुसती मूठ फिरवलीस." माझी गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. फिरायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. नवरोबाही आला होता. तो हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा स्वतः का नाही चालवत गं?" मी म्हटलं, तू विचार. तो बाबांकडे बघत उभा राहिला, आणि विचारलं नाही. त्यालाही दिसलं असावं. घरी आल्यावर त्याने बूटवाल्याला फोन करून सांगितलं, गाडी द्यायची नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मी रजा टाकली. गाडी व्हरांड्यातून खाली घेतली, चालू केली आणि पुढच्या सीटवर बसून राहिले. बाबा पायरीवर. मी मागे वळून बघितलं नाही. या म्हटलंसुद्धा नाही. इंजिन नुसतं धडधडत ठेवलं. पेट्रोल जळत होतं, जळू दे म्हटलं.

मग गाडी मागून दबली. बाबा आईंच्या सीटवर बसले होते.

 पुलाच्या चढावर, ऐन गर्दीत, गाडी माझ्या हातून बंद पडली. मागून भोंगे सुरू झाले. मला घाम फुटला. पुन्हा चालू केली, पहिला टाकला, सुटली. पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "क्लच जडच आहे हो, बाबा."

 मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि तेच बरं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "क्लच लोण्यासारखा आहे. तू चांगला केलास. हात गेलाय माझा."

सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी काढली. थोडं पुढे गेल्यावर म्हटलं, उद्या हाताच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी सकाळीच नंबर लावते. ते म्हणाले, जाऊ. मग म्हणाले, "तिसरा टाक. कधीची दुसऱ्यावर रडवते आहेस तिला." मी तिसरा टाकला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घड्याळवाले काका जिन्याखालच्या त्यांच्या एवढ्याशा दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले होते. गाडीचा आवाज ओळखून ते भिंगासकट बाहेर आले. आधी पुढच्या सीटकडे बघितलं, मग मागच्या. बाबा उतरले. उजव्या हाताने शर्ट सारखा केला.

"काय रे," काका म्हणाले, "गाडी आता सूनबाई चालवते वाटतं?"

"छे," बाबा म्हणाले. "चालवतो मीच. हात तेवढे हिचे."